विटेवरचा वॉल्टर

गुरुवारी संध्याकाळी हिल्डा क्रोथरच्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर यॉर्कशरचा नेहमीचा पाऊस. ओले कोट अंगावर तसेच ठेवून अर्धा गाव दाटीवाटीने बसला होता आणि सगळ्यांची नजर भिंतीतल्या विटांच्या शेगडीवर होती. शेगडी थंडगार होती. पण तिच्या वरच्या काजळलेल्या विटांवर एक पांढरा चेहरा उमटला होता. दोन डोळे, नाक, झुपकेदार मिशा. हिल्डाचा नवरा वॉल्टर, कोळशाच्या खाणीतला मुकादम, नुकताच न्यूमोनियाने गेला होता. पण आत्म्यांशी बोलण्याचा दावा करणारे मिस्टर ऑगडेन यांच्या माहितीप्रमाणे तो गेला नव्हता, फक्त जागा बदलून बसला होता.

"दारं-खिडक्या लावून घ्या," ऑगडेन डोळे मिटून म्हणाले. "आत्म्याला वारा सोसत नाही."

थोड्या वेळाने चेहरा ओलसर झाला. डोळ्याखालून एक थेंब ओघळला.

"रडतोय!" शेजारीण मिसेस सगडेन किंचाळली.

"रडणारच," ऑगडेन म्हणाले. "बायको घर सोडून बहिणीकडे राहायला निघालीय. हिल्डाबाई, तुम्ही गेलात तर तो कोणाकडे बघणार?"

हिल्डा पदर नव्हता म्हणून रुमालात तोंड लपवून रडली आणि रडता रडता खोकत सुटली. दाराजवळ तिची धाकटी बहीण नोरा उभी होती. ती लीड्सला शाळेत विज्ञान शिकवायची. ताईच्या खोकल्याचं कानावर आलं म्हणून ती सकाळीच आली होती. खोली इतकी गार की श्वासाची वाफ दिसत होती.

माणसं पांगल्यावर नोराने विचारलं, "ताई, शेगडी का पेटवत नाहीस?"

"चटका बसेल ना त्याला."

"आणि धुराड्यात पोती कोणी कोंबली?"

"मिस्टर ऑगडेननी. वॉल्टर वरच्या वर निघून जाऊ नये म्हणून."

नोराने हसू गिळलं. "आधी हा चेहरा कोणाला दिसला?"

"त्यांनाच. मी काजळी घासत होते, पण डाग निघेनात. ते सांत्वनाला आले होते. त्यांनी मंतरलेल्या पाण्याने स्वतः विटा पुसल्या. दुसऱ्या दिवशी वॉल्टर!" हिल्डाने फडताळातली बाटली दाखवली. "दर आठवड्याला येऊन पुसतात. बिचारे एक पैसा मागत नाहीत. लोकच त्यांच्या टोपीत काय ते टाकतात."

नोराने त्यातलं थोडं पाणी पातेल्यात घेऊन आटवलं. तळाशी पांढरा थर उरला. तिने बोट लावून चाखलं, चूळ भरली आणि मिठाचा डबा कुठे आहे ते विचारलं.

पुढच्या गुरुवारी वॉल्टरच्या शेजारी एक मांजर उमटलं होतं. कान टवकारलेले, शेपटी वर. गर्दी दचकून पुढे सरकली. ऑगडेनही क्षणभर दचकले, पण असल्या धंद्यात गप्प बसून चालत नाही.

"अहाहा!" ते म्हणाले. "वॉल्टरची लाडकी मनी! मालकाच्या ओढीने आली."

"मांजर?" हिल्डा ताठ बसली. "वॉल्टरला मांजर डोळ्यासमोर चालत नसे. त्याने पाहुणे परत पाठवलेत मांजरापायी!"

"मरणानंतर आवडीनिवडी बदलतात, बाई."

एवढ्यात मांजरही रडू लागलं.

नोरा पुढे झाली. "हे मांजर मी काढलंय. स्वयंपाकाचं मीठ पाण्यात विरघळवून, कुंचल्याने. पाणी वाळतं, मीठ विटेवर राहतं. हवा ओलसर झाली की मीठ ती ओल ओढून घेतं. बंद खोली, तुमचे भिजलेले कोट, एवढ्या जणांचे श्वास! मांजर न रडून करतं काय? मिस्टर ऑगडेन, तुमच्या बाटलीतलं पाणी मी आटवून पाहिलं. मीठच निघालं."

"श्रद्धाहीनांसमोर आत्मा बोलत नाही," असं म्हणून ऑगडेन यांनी टोपी उचलली. ती रिकामी करून जा, असं मिसेस सगडेनने त्यांना दार अडवून सांगितलं.

लोक गेल्यावर नोराने ताठ केसांचा कोरडा ब्रश आणला. हिल्डाने तिचा हात धरला.

"पुसलास तर तो पुन्हा जाईल गं."

"ताई, खरं सांग. दिसतो का हा त्याच्यासारखा?"

हिल्डाने विटांजवळ वाकून पाहिलं. "नाही. वॉल्टर इतका उदास कधीच नव्हता." मग तिनेच ब्रश घेतला. खाली कागद पसरून दोघींनी मीठ झाडून काढलं, पोती ओढून धुराडं मोकळं केलं आणि शेगडी पेटवली. वॉल्टर गेल्यापासून हिल्डा पहिल्यांदा हात शेकत बसली.

सकाळी मिसेस सगडेन आली. ओशाळून म्हणाली, "आमच्याही विटांवर पांढरं आलंय. मला वाटलं, सासूबाई."

"मीठच असणार," नोरा म्हणाली. "धुऊ नका, पाण्याने ते आत मुरतं आणि परत येतं. कोरडंच झाडा, वारा येऊ द्या. आणि पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा विचारा, हे होतं कसं? माणसाला रडू येतं, विटेला ओल येते. दोन्हींची गल्लत करू नका."