गाऊनमधली नोकरी

"अरुंधती, दार पाह्य वं! गॅसवाला आला," यमुताईंनी समोरच्या खोलीतून हाक मारली. अरुंधतीनं हेडफोन काढले, गाऊनवर ओढणी टाकली आणि सासूच्या हाकेला उठली. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं ऐकून रिपोर्ट टाइप करायचे, हे तिचं काम. कंपनीनं शहराबाहेरच्या मिहानमधलं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरूनच काम दिलं, तेव्हा धरमपेठेतल्या शेजारणींना तिचा हेवाच वाटला होता. ना बस, ना डबा, दिवसभर गाऊनमध्ये!

पण गाऊन घातलेली सून म्हणजे मोकळी सून, हे घरानं ठरवूनच टाकलं. कुकर तिनं बंद करायचा, कुरिअर तिनं घ्यायचं. खरं सांगायचं तर गाऊनमध्ये तिचंही मन रिपोर्टात लागत नसे. टाइप करता करता भाजी निवडायची राहिली हे आठवे. रोजच्या चाळीसांपैकी जेमतेम अठ्ठावीस व्हायचे. सोमवारी कंपनीतल्या सुमंत सरांचा फोन आला. "मॅडम, या आठवड्यात रोजचा आकडा चाळीसवर आला नाही, तर मग माझ्या हातात काही नाही."

मंगळवारी ती ऑफिसच्या दिवसांसारखी साडी नेसली, पिना लावल्या, घड्याळ बांधलं आणि नऊला बेडरूममधल्या टेबलाशी बसली. बोटं अशी चालली की बारापर्यंत वीस रिपोर्ट झाले. तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या भागीरथाबाई आल्या. संक्रांत नुकतीच झाली होती.

"अवं, तू तं तयारच हाय! चाल, तीन घरचं हळदीकुंकू आटपून येऊ."

"काम करून राहिली मी, काकू."

"साडी नेसून घरात कोन काम करते वं?"

"जा ना, नेसलीच आहेस तर," यमुताई म्हणाल्या. "आपल्या घरचं कोणी नको का जायला?"

सासूचा शब्द तिच्यानं मोडवेना. चार वाजता ती तिळगूळ आणि वाणाचे तीन प्लास्टिकचे डबे घेऊन परतली. त्या दिवशी एकतीस झाले.

संध्याकाळी तिनं ते डबे ओट्यावर आपटले आणि तिला रडूच फुटलं. "आई, गाऊन घातला तर मी रिकामटेकडी, साडी नेसली तर समारंभाची. मग कामाला बसू तरी कशात? नोकरी चालली माझी."

यमुताईंनी डबे पुसून फळीवर ठेवले.

बुधवारी अरुंधती हट्टानं पुन्हा साडी नेसूनच बसली. अकराला बेल वाजली. सवयीनं तिचा हात हेडफोनकडे गेला, पण यमुताईंची काठी आधीच दाराशी पोचली होती.

"अरुंधती हाय का?" भागीरथाबाईंचा आवाज आला.

"नाही. ऑफिसात गेली."

"चप्पल तं इथंच हाय तिची!"

"असेल. साडेपाचला सुटते ती. तेव्हा या."

दार लागलं. अरुंधतीनं रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं आणि वाक्य पुन्हा ऐकलं.

साडेपाचला बेचाळिसावा रिपोर्ट पाठवून तिनं बेडरूमचं दार उघडलं. यमुताई गॅसपाशी उभ्या होत्या.

"आलीस? बस जरा, चहा टाकलाय."

अकरा वर्षं ती मिहानहून दमून यायची आणि पर्स ठेवून थेट ओट्याशी उभी राहायची. आज ती बसली.