साडेचार फुटांपलीकडे

सोमवारी रिपोर्ट विभागाच्या छतात आवाज बसवला आणि त्या दिवसापासून मंदाकिनी फडतरेचं बोलणं साडेचार फुटांच्या पलीकडे जायचं बंद झालं. ऑफिसात हे व्हायलाच हवं होतं, त्यासाठीच तर पुण्याहून माणसं आली होती. पण गुरुवारी ती घरी गेली, तर घरीही तेच.

आता ही भानगड मुळात का केली ते सांगते. साताऱ्यातलं रक्त-लघवी तपासायचं केंद्र, दुसरा मजला. रिपोर्ट विभागात पाच बायका दिवसभर फोनवरून लोकांना त्यांचे रिपोर्ट सांगायच्या आणि पेशंटचं बाकडं अगदी लागूनच. एका बाईनं त्या बाकड्यावर बसल्या बसल्या आपल्या भावजयीचा सगळा रिपोर्ट ऐकला आणि संध्याकाळपर्यंत गावभर केला. मग तक्रार, मग मीटिंग, मग छतात ताटलीएवढ्या आठ गोल जाळ्या. दूर कुठंतरी कुणी सुपात धान्य पाखडत असावं तसा आवाज त्यांतून यायला लागला. "हा ऐकायचा नसतो," इंजिनिअर हर्डीकर म्हणाला होता. "दुसऱ्याचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून असतो." दोन दिवसांत तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला. उलट कामात लक्ष लागतं म्हणे.

घरी मंदाचे वडील, अण्णा. एक्याऐंशीचे, पोलीस बॅण्डात क्लॅरिनेट वाजवून रिटायर झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला नऊ वर्षं झाली आणि साखरेनं बोटंही बधिर करून टाकली. राहिले ते कान, पण कसले तिखट. मंदा रोज दारातून "अण्णा, आले" म्हणायची, ते आतून "ये" म्हणायचे, मग चहा, मग दंडात इन्सुलिनची सुई, मग जेवण. त्या गुरुवारी ती दारातून म्हणाली आणि आतून काहीच आलं नाही. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते.

"कोण आहे?" ते म्हणाले.

ती अगदी जवळ जाऊन बोलली तेव्हा ते दचकले, मग हसले. "मांजरासारखी काय आलीस गं?" मंदाही हसली, पण तिचं हसणं काही खरं नव्हतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या नसीमा मुलाणीचंही तसंच झालं होतं. ती मात्र खुशीत होती, कारण तिचं घर अकरा माणसांचं. "सासू म्हणते, सून सुधारली," ती म्हणाली. "मंदाताई, तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय?"

मंदा केंद्राच्या मॅनेजरकडे, बाबरसाहेबांकडे गेली. साहेबांचं टेबल सहा फुटी. ती या बाजूनं सांगत होती आणि ते त्या बाजूनं मान हलवत होते, शेवटी "छान, छान" म्हणाले. ती टेबलाला वळसा घालून गेली, तर साहेब खुर्चीसकट मागं सरकले. बाईमाणूस इतकं जवळ आलेलं बरं दिसत नाही, त्यांचंही खरंच. म्हणून तिनं अर्ज लिहून दिला. साहेबांनी पाकिटावरचा 'गोपनीय' हा शब्द वाचला आणि पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"निर्धास्त राहा," ते म्हणाले. "हे कुणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही."

पुढच्या आठवड्यात हर्डीकर मीटर आणि टेप घेऊन आला. त्यानं मंदाला मधोमध उभं केलं आणि तिच्या तोंडापासून टेप धरला.

"पावणेतीन फूट," तो म्हणाला. "सुंदर."

"मला ते वाढवून पाहिजे."

"वाढत नाही, मॅडम. हे कमीच होतं. तुमच्यावर तर फारच छान बसलंय."

"आणि जे पलीकडे पोचत नाही, ते जातं कुठं?"

"वर," त्यानं जाळीकडे बोट केलं. "छतात जागा भरपूर आहे."

आणखी आठ दिवसांत तिच्या आवाजाचं वर्तुळ वीतभर उरलं. मंदानं अण्णांच्या कानाला तोंड लावून "अण्णा, मी आहे" म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला दोन्ही हातांनी ढकललं. "माझी मंदा दारातून हाक मारते," ते म्हणाले. "कानाशी येऊन कुजबुजत नाही. तू कोण आहेस?" पोटच्या मुलीला बापानं असं विचारावं, काय वाटलं असेल तिला. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

तिथं तिला युक्ती सुचली आणि ती लागूही पडली. फोन तर तोंडाशीच धरायचा असतो. तिनं दारात उभं राहून मोबाइलवरून अण्णांचा बटणांचा फोन लावला आणि अण्णांचा चेहरा उजळला. "मंदा, कुठं आहेस?" "आलेच," ती म्हणाली. त्या आवाजाच्या भरवशावर त्यांनी सुई टोचून घेतली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. अकरा दिवस असं चाललं. मग एका संध्याकाळी ती दमून आली. दिवसभरात सतरा रिपोर्ट सांगितले होते, त्यांतले चार वाईट. वाईट रिपोर्ट सांगण्याआधी पेशंटला एक प्रश्न विचारायचा, असा त्यांचा नियमच आहे, आणि सवयीनं तो तिच्या तोंडून गेला.

"तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?"

अण्णा फोनवर हाताचा आडोसा करून हळूच म्हणाले, "आहे गं. रोज येतं. चहा करतं, भांडी लावतं, सुई टोचतं. बोलत नाही. मला भीती वाटते, मंदा. तू कधी येणार?"

मंदा त्यांच्यापासून सहा पावलांवर उभी होती. तिला रडू कोसळलं, पण तेही अण्णांपर्यंत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनमधून नुसताच पाखडल्याचा आवाज जायला लागला. वर्तुळ ओठांच्या आत आलं होतं. तिनं रजा टाकली, तरी काही फरक पडला नाही. अण्णांनी तोंड मिटलं. "परक्याच्या हातची सुई मी घेणार नाही," ते म्हणाले. "मंदाला येऊ दे." डॉक्टरांनाही त्यांनी हात लावू दिला नाही. शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं की अहो, ही मंदाच आहे. "मग बोलत का नाही?" अण्णा विचारायचे. दोन दिवसांत त्यांचे ओठ सुकले, जीभ जड झाली. शेकडो लोकांना मंदानं त्यांच्या साखरेचे आकडे सांगितले होते. याच्या पुढे काय होतं ते तिला तोंडपाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नसीमा घरी आली. तिचं वर्तुळ अजून दीड वीत होतं. ती अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, मंदाताई ऑफिसात आहेत. चला, मी नेते." अण्णा लगेच काठी शोधायला लागले. रिक्षात एका बाजूला नसीमा, मध्ये अण्णा, दुसऱ्या बाजूला मंदा, पर्समध्ये सुई भरून तयार. अण्णा अंग चोरून नसीमाकडे सरकून बसले.

रिपोर्ट विभागात पाय टाकल्याबरोबर अण्णा थांबले. त्यांनी मान वर केली. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा कान तो, त्या पाखडण्यातून नेमकं काय निवडायचं ते त्याला कळलं.

"इथं आहेस होय," ते छताकडे तोंड करून म्हणाले. "आणि मी घरात वाट बघतोय."

मंदानंही वर पाहिलं. तिला तोच रोजचा आवाज ऐकू आला, दुसरं काहीच नाही. अण्णा बाकड्यावर बसले आणि बोलायला लागले. घरात कुणीतरी शिरलंय, डबे जागच्या जागी राहत नाहीत, सगळं सांगितलं. मध्येच थांबायचे, ऐकायचे, हसायचे. महिन्याभरात ते इतके सुखात दिसले नव्हते. नसीमाच्या टेबलावरचा फोन वाजला म्हणून ती तिकडे गेली. बाकड्यावरच्या लोकांनी सरकून जागा करून दिली.

"घेतो की सुई," अण्णा वर तोंड करून म्हणाले. "तू दे, मी घेतो."

मंदाच्या जिवात जीव आला. ती गुडघ्यांवर बसली, त्यांची बाही वर सारली, सुईचं टोपण दातांनी काढलं आणि हात हलू नये म्हणून त्यांचं मनगट धरलं.

अण्णा एकदम आक्रसले.

"मंदा," ते छताला म्हणाले, "इथं कुणीतरी माझा हात धरलाय गं."

मग मान तिरकी करून ते ऐकत राहिले, बराच वेळ, सगळं नीट समजून घेत असल्यासारखे.

"बरं," ते म्हणाले, आणि मनगटावरची तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले.