नत्थूजींची दगडी रोपं

कॉलेजच्या बागेतले माळी नत्थूजी यांनी ती रोपं बियांपासून वाढवली होती. दोन जाड पानांची, अगदी गारगोटीसारखी दिसणारी. उन्हाळाभर त्यांना पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, हे ते कित्येक रोपं कुजवून शिकले होते. पाचव्या वर्षी फुलं आली. पेपरात फोटो छापून आला, त्यात वनस्पतिशास्त्राचे देवपुजारी सर एकटेच होते. १९७४ साली रिटायर होताना सरांनी सगळ्या कुंड्या धरमपेठेतल्या घरी नेल्या. नत्थूजींना त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मे महिन्यात सरांनी त्यांना बोलावून घेतलं. "नत्थूजी, बघा बरं, काय झालंय यांना?"

नत्थूजींनी एकेक रोप बोटानं दाबून पाहिलं. बरीचशी मऊ पडली होती. तीन मात्र अजून टणक होती. पाणी तोडलं असतं तर ती वाचली असती.

"पाणी कमी पडून राहिलं, सर," ते म्हणाले. "रोज घालत जा."

फाटकाशी त्यांनी वळून पाहिलं. सर वाकून प्रत्येक कुंडीत जपून पाणी घालत होते. परत जाऊन त्यांचा हात धरावा, असं नत्थूजींना वाटलं. पण ते गेले नाहीत.