जॉइसच्या घरचा कडू घास

शेजारची जॉइस गेली, तिला पुरून आलो, तरी आमच्या पाळकसाहेबांनी मला तिच्या घरी, तिच्या नवऱ्याकडे जाऊ दिलं नाही. पाळकसाहेब म्हणजे माझे यजमान, काशिनाथ. "मंदा, इथं फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाहीत. कॉलिनला जरा एकटं राहू दे." नगरला असताना हेच गृहस्थ मयताच्या घरी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. सातासमुद्रापार या वायरारापात आले आणि साहेब झाले!

माझं म्हणाल तर वर्ष उलटलं, या पाळकाच्या बंगल्याचं दार कुणी वाजवलं नव्हतं. नगरला आमचं दार बंद म्हणून नसायचं. कुणी साखर मागायला, कुणी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन. इथं रविवारी उपासना सुटली की सगळ्या गोड हसून "हाऊ आर यू, मान्डा?" विचारणार आणि मी तोंड उघडेपर्यंत गाडीत बसणार. मग आठवडाभर मी आणि खिडकीपलीकडच्या मेंढ्या. मेंढ्यांशी मराठीत बोलायला लागले तेव्हा यांना सांगूनच टाकलं, "मला बोलायला एक तरी माणूस हवंय हो. नाहीतर मी चालले पापाटोएटोला, शार्दूलकडे." पोराचं नाव काढल्यावर यांनी पेपर तोंडापुढे धरला.

शुक्रवारी हे मीटिंगला अप्पर हट या गावी गेले. गाडी वळली, तशी मी पिठलं टाकलं न् भाकऱ्या थापल्या. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, पण ही रीत काही सुटली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं कडू घास न्यायचा, जवळ बसायचं, आणि तो पोटात गेल्याशिवाय उठायचं नाही.

गमबूट घातले आणि मधलं शेत तुडवत गेले. कॉलिनच्या दाराबाहेर फॉइल लावलेली भांडी ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर कार्ड. एकालाही हात लागलेला नव्हता. सगळ्या जणी ठेवून पाय न वाजवता परत गेल्या होत्या. कर्म माझं! मी हाक मारली आणि सरळ आत शिरले.

कॉलिन टेबलाशी बसलेला. दाढी वाढलेली, घर गारठलेलं. मी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि त्याच्या हातात दिली. "खा." तो नुसता बघत राहिला. "बघतोस काय? खा म्हणते ना!"

एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग म्हातारा हंबरडा फोडून रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रड बाबा, रड.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आत येऊन बसलेल्या तुम्ही पहिल्याच."

"माझ्याकडे तर अजून कुणीच आलं नाही," मी बोलून गेले.

त्यानं मान वर केली. "जॉइसला यायचं होतं. कितीदा तरी. म्हणायची, ती खिडकीत एकटीच उभी असते, जाऊन येऊ का? आणि मग स्वतःच म्हणायची, नको, पाळकांच्या बायकोला कशाला त्रास? बोलावलं तर जाईन."

बोलावलं तर! आमच्यात कुणी कुणाला बोलावतं का? मी तिकडे वाट बघत बसले, ही इकडे.

समोर तिची रिकामी खुर्ची होती. मी तिच्यावरच ओरडले, चक्क मराठीत. "अगं बये, यायचं होतंस गं! एवढं एक शेत तर ओलांडायचं होतं!"

आणि मग जी मी रडायला लागले, ती कॉलिनलाच उठून मला पाणी द्यावं लागलं.