तांबड्याच्या गळ्यातलं लोढणं

त्या हिवाळ्यात काकासाहेबांच्या मागे दोन गोष्टी हात धुऊन लागल्या, एक दमा आणि दुसरा रॉकी. दमा जुनाच होता. रॉकी नवा. मुलाची बंगळुरूला बदली झाली आणि जाताना तो आपला दीड वर्षाचा जर्मन शेफर्ड आईबापांच्या गळ्यात घालून गेला. "बाबा, तेवढंच तुमचं फिरणं होईल," असं वर ऐकवूनही गेला. इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, की ऊन वर आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आता हे त्या कुत्र्याला कोण समजावणार? तो पहाटे पाचलाच पट्टा तोंडात धरून दाराशी उभा.

सिडकोतलं घर ते केवढं! पहिल्या आठवड्यात द्वारकाबाईंची शाल गेली. दुसऱ्या आठवड्यात गादीतला कापूस घरभर झाला आणि तुळस मुळासकट बाहेर आली. काकासाहेबांनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेली. साठ-साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारा माणूस, तो एका कुत्र्याला हार जातो की काय! त्यांनी रॉकीचं वेळापत्रक केलं. सकाळी गच्चीवर चेंडू. दुपारी पाच वाट्या पालथ्या घालायच्या, त्यातल्या दोहोंखाली भाकरीचे तुकडे, आणि ते त्यानं हुंगून काढायचे. संध्याकाळी जुन्या लुगड्याचा पीळ घालून रस्सीखेच. रॉकी दोन दिवसांत शहाणा झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं वाट्याच पळवल्या.

"त्याला घरात कोंडून कामून खेळवताय?" द्वारकाबाई शेवटी वैतागल्या. "दुपारचं शेतात न्या. ऊन तुम्हालाबी चांगलं अन् मह्या भांड्यांनाबी."

शेत फुलंब्रीच्या पलीकडे. मका निघून रान मोकळं झालं होतं आणि दर हिवाळ्याप्रमाणे त्यात केरबाच्या मेंढ्या बसल्या होत्या. मेंढ्यांच्या लेंडीनं रानाला खत मिळतं, मेंढ्यांना पाला मिळतो, असा हा दोन्ही घरांचा जुना रिवाज. केरबा पन्नाशीचा धनगर. चौथीपर्यंत काकासाहेबांच्याच हाताखाली शिकला आणि मग मेंढरांमागे गेला. अजूनही त्यांना 'गुर्जी' म्हणायचा आणि त्यांच्यासमोर बाजेवर बसायचा नाही.

"गुर्जी, कुत्रं झ्याक हाय," रॉकीकडे बघत केरबा म्हणाला. "पण मोकळं सोडू नका बरं. मेंढरं गाभण हायेत. एकदा बिचकली की आवरायची नायत."

"अरे, शेफर्ड म्हणजेच मेंढपाळ. ह्याच्या जातीचं कामच आहे ते," काकासाहेबांनी धडा द्यावा तसं सांगितलं. केरबा मान हलवून हसला. गुरुजींचं बोलणं तो खोडून काढत नसे.

केरबाचा स्वतःचा कुत्रा तांबडा. अंगानं किरकोळ, एक कान फाटलेला. दिवसभर धुळीत पंजांवर तोंड ठेवून पडलेला असायचा. एखादी मेंढी बाजूला सरकली की उठायचा, सावकाश तिच्या पलीकडून फिरून यायचा, की मेंढी आपसूक कळपात. भुंकणं नाही, धावाधाव नाही. इकडे रॉकी पट्ट्याला हिसके देऊन देऊन काकासाहेबांचा खांदा उतरवायचा बाकी होता.

चौथ्या दिवशी केरबा औषध आणायला फुलंब्रीला गेला. त्याची बायको राजाबाई विहिरीवर होती. पाच मिनिटं सोडलं तर काय आभाळ कोसळतंय, असं म्हणत काकासाहेबांनी पट्टा काढला.

रॉकी असा सुटला, की ते बघतच राहिले. महिनाभर घरात कोंडलेलं ते जनावर लांब लांब झेपा टाकत होतं. मेंढ्या उठल्या, डावीकडे लोटल्या, रॉकीनं वळसा घातला, उजवीकडे लोटल्या. काकासाहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" असंही ओरडले. आणि मग अख्खा कळप पाण्याच्या चारीकडे, रानातल्या खोल पाटाकडे, उधळला. एक मेंढी काठावरून खाली गेली, तिच्या अंगावर दुसऱ्या दोन पडल्या. काकासाहेबांची "रॉकी! रॉकी!" अशी हाक कुणीच ऐकली नाही. तांबड्यानं रॉकीला खांद्यानं ढकलून बाजूला केलं, लांबून फेरा घेतला आणि बघता बघता मेंढ्या एके ठिकाणी आणून उभ्या केल्या. धापा टाकत काकासाहेबांनी रॉकीला पकडला आणि गाडीत कोंबून काच लावली.

केरबा आला तेव्हा खाली पडलेल्या मेंढीनं पोटातलं कोकरू टाकलं होतं. मेलेलं. राजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

"काय झालं, गुर्जी?"

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण ज्याला आपण पाढे म्हणायला लावले, त्यानं बजावून सांगितलेलं आपण ऐकलं नाही, हे कसं सांगायचं? काकासाहेबांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "तुझा तांबडा घुसला रे मेंढरांत. मी ओरडलो, पण ऐकेचना."

केरबा चारीपर्यंत गेला. वाकून भुसभुशीत मातीकडे बराच वेळ बघत राहिला. परत येऊन एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हंजी तसंच."

मग त्यानं हातभर लांबीचं बाभळीचं लाकूड घेतलं आणि दोरीनं तांबड्याच्या गळ्यात बांधलं. ढोराला बांधतात तसलं लोढणं. पाऊल टाकलं की ते पुढच्या गुडघ्यांवर आपटायचं. तांबडा दोन पावलं चालला, थांबला आणि खाली बसला. काकासाहेबांनी तोंड फिरवलं. रॉकी त्या रात्री मेल्यासारखा झोपला. द्वारकाबाईंनी नवऱ्याचं आणि कुत्र्याचं, दोघांचंही कौतुक केलं.

दोन दिवसांनी केरबाचा फोन आला. "गुर्जी, आमी सकाळी खुलताबादच्या अंगाला निघतोय. मेंढरावर गेलेलं कुत्रं वाड्यात, आमच्या तळावर, ठेवत नायत. आमचा कडूबा म्हणतो, दे सोडून रस्त्यावर. मह्या जिवाला पटंना. तुमच्याकडं राहू द्या का? तुमच्या कुत्र्यालाबी सोबत हुईल."

नाही म्हणायला कारण नव्हतं. आणि सोय किती होती! काकासाहेब जाऊन तांबड्याला घेऊन आले. द्वारकाबाईंनी आधी विळ्यानं ते लोढण्याचं दोरखंड कापलं. सोलवटलेल्या गुडघ्यांना हळद-तेल लावलं. त्यानंतर घरात जी शांतता पसरली, ती महिन्या-दीड महिन्यात नव्हती. रॉकी तांबड्याला छळछळ छळायचा आणि तांबडा त्याला समोरच्या मोकळ्या प्लॉटवर इतका पळवायचा, की दुपारी रॉकी पाय पसरून घोरत पडायचा. वाट्या शाबूत, गाद्या शाबूत. मुलाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, भारी आयडिया केलीत!" काकासाहेबांनी फोन द्वारकाबाईंच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन उगीचच नळ सोडून उभे राहिले. आपल्या खोटेपणाचा असा फायदा व्हावा, याची त्यांना भयंकर लाज वाटत होती. जेवण जात नव्हतं. दम्याचं निमित्त सांगून ते ताटावरून उठायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतून कुणाच्या तरी चार शेळ्या चालल्या होत्या. फाटकाशी बसलेला तांबडा उठला, त्यांच्या कडेकडेनं वळणापर्यंत गेला, त्या नीट पुढे गेल्याचं बघितलं आणि परत येऊन बसला.

"अहो, बघितलं का?" द्वारकाबाई म्हणाल्या. "असलं गुणाचं कुत्रं मेंढरावर जाईल का? केरबाचीच काही चूक झाली असंल."

"माणसं बिघडतात, तिथं कुत्र्याचं काय," काकासाहेब म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. पहिलं खोटं घाबरून बोललो, हे मात्र सवयीनं, हे त्यांना पुरतं कळलं.

सकाळी साडेसहाला मफलर गुंडाळून त्यांनी गाडी काढली. तांबडा मागे. "डॉक्टर काय म्हणलेत, ध्यानात हाय ना?" द्वारकाबाई ओरडल्या. "येऊन सगळं सांगतो," ते म्हणाले, आणि त्या सगळ्यात काय काय येतं याची मनात यादी करू लागले.

घाट चढून गेल्यावर, खुलताबादच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेनं कळप चाललेला दिसला. दार उघडताच तांबडा उडी मारून गेला. केरबाकडे नाही, राजाबाईकडे नाही. सरळ कळपाच्या रस्त्याकडच्या बाजूला, आपल्या जागेवर. मेंढ्यांनी मानही वर केली नाही.

"केरबा," काकासाहेब म्हणाले. थंडीनं छातीत शिट्टी वाजत होती. "त्या दिवशी तांबडा नव्हता. मी रॉकीला सोडला. तू नको म्हणाला होतास तरी सोडला. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

केरबानं काठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाला, "पाय बघितले व्हते मी चारीत. मोठ्या पंज्याचे. तांबड्याचे नव्हते. पण तुम्ही म्हणले, गुर्जी. म्हणलं, आपलीच नजर चुकली असंल."

यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काकासाहेबांनी हात जोडले. केरबानं घाईघाईनं ते धरून खाली केले. "आसं नका करू, गुर्जी. लोक बघत्यात." राजाबाई तांबड्याजवळ गेली आणि त्याचे गुडघे बघत उकिडवी बसली.

तेवढ्यात मागून कडूबा आला. केरबाचा चुलतभाऊ. तोही काकासाहेबांचाच विद्यार्थी. त्याच्यामागे वाड्यातली आणखी दोन माणसं. तांबड्याला बघून कडूबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुत्रं परत कामून आणलं?"

"मव्हीच चूक, कडूबा," केरबा पटकन म्हणाला. "दुसरंच कुत्रं व्हतं ते, मव्हा समज झाला. गुर्जींनी शोधून काढलं अन् एवढ्या गारठ्यात आणून घातलं. लई मोठं मन."

कडूबानं वाकून पायांना हात लावला. बाकीच्यांनी रामराम घातला. केरबा काकासाहेबांकडे बघत होता आणि डोळ्यांनीच विनवत होता, की आता गप्प राहा, मी निभावून नेतो. निभावलंही असतं. गाडीत बसायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

"कडूबा, केरबाची काही चूक नाही," काकासाहेब म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून वर्गात म्हणायचे तसं मोठ्यानं पुन्हा म्हणाले. "माझ्या कुत्र्यानं मेंढी पाडली आणि मी नाव तांबड्याचं घेतलं. खोटं बोललो मी."

कडूबा नुसता बघत राहिला. मागची माणसं मेंढ्यांकडे बघू लागली. काकासाहेबांनी केरबाकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गुरुजींच्या वाटची लाज तो बिचारा भर रस्त्यात सोसत उभा होता.