रोजच्या कामांचा रिकामा फोल्डर

मुलांनो, अशी कल्पना करून बघा. तुमच्या घरी कोणीतरी रोज सकाळी न सांगता केर काढतं, रद्दी बांधून ठेवतं. तुमचं तिकडे लक्षही जात नाही. मग एक दिवस ते माणूस येईनासं होतं. चार दिवस काही कळत नाही. पाचव्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

डोंगराळ नारीन प्रांतातल्या एका शाळेत लिनक्सच्या कॉम्प्युटरचं असंच झालं होतं. शिक्षक एसेनकुल, म्हणजे मुलांचे अगाय, महिनाभर दर शनिवारी त्याची भरलेली डिस्क हाताने उपसत होते. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गच्च. खरं तर आपण काय काय केलं त्याच्या नोंदी यंत्र लिहीत जातं, आणि त्यांतल्या जुन्या आवरायचं कामही रोज आपलं आपण करतं. त्या कामांच्या छोट्या फायली एका फोल्डरमध्ये असतात. आज अगायांनी तो उघडला, तर आत काहीच नाही. आणि सोमवारपासून तीन दिवस मुलं पाळीपाळीने जिल्ह्याची परीक्षा याच यंत्रावर देणार. मध्येच डिस्क भरली, तर चाळीस मुलांची उत्तरं गेली.

त्या फायली ज्यांतून येतात, ती प्रोग्रामची पॅकेजं त्यांनी पुन्हा बसवली. फोल्डर रिकामाच. परत बसवली. तरी तेच.

"हे यंत्र आहे की माझा मेहुणा?" ते करवादले. "दर वेळी 'झालं' म्हणतं, आणि करत काही नाही."

शेजारी सातवीतली उलकान बसली होती. या खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. तो मान शाळेत दुसऱ्या कोणाला नव्हता. आज ती किल्ली मुठीत घट्ट धरून बसली होती.

झाडलोट करणाऱ्या बुरुल आपा चहा घेऊन आल्या. तिसऱ्यांदा ओतायला वाकल्या, तशी अगायांनी आपल्या चहाच्या वाडग्यावर हात धरला.

"नको? राहिलं," आपा म्हणाल्या. "तापलेल्या माणसाला आणखी गरम कशाला पाजू?"

उलकान त्या हाताकडे बघत राहिली.

"अगाय, यंत्रालाही कोणी नको म्हटलं असेल तर?"

"कोण म्हणणार?"

"मी म्हटलं." तिची मान खाली गेली. "सकाळी चालू केलं की ती कामं सुरू व्हायची आणि दहा मिनिटं काही हलायचं नाही. पोरं मला कासव म्हणायची. म्हणून मी त्या फायली पुसल्या."

"मी महिनाभर डिस्क उपसतोय, आणि तू शेजारी बसून बघतेस?"

"किल्ली जाईल म्हणून बोलले नाही."

अगायांनी कपाळ चोळलं. "अगं, मला वाटलं डिस्क बिघडून फायली उडाल्या. या फायली यंत्र सेटिंगच्या फायलींत धरतं, आणि मालकाने हाताने पुसलेल्या अशा फायली ते परत आणत नाही. त्याला वाटतं, नकोच असतील. मुद्दाम सांगावं लागतं."

त्यांनी तीच आज्ञा पुन्हा लिहिली आणि जोडीला सांगितलं, नसलेल्या सेटिंगच्या फायलीही ठेव. एकेका पॅकेजसरशी फोल्डर भरत गेला.

"किल्ली आपांकडे दे," ते म्हणाले. "परीक्षा संपेपर्यंत."

उलकानने किल्ली दिली. "पण अगाय, सोमवारी सकाळी ते पुन्हा दहा मिनिटं अडेल."

"अडेल. तू विचार कर काय करायचं ते."

सोमवारी शाळा भरायच्या तासभर आधी उलकान आली. तिने आपांना दार उघडायला लावलं, यंत्र चालू केलं, आणि त्याची सगळी कामं उरकेपर्यंत कळफलकासमोर बसून राहिली.