मावशींचं नाक

नातीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षीची ही गोष्ट. मावशी गॅसपुढे उभ्या राहून डाळ ढवळत होत्या. डाळ बुडाला लागली होती आणि धूर खिडकीपर्यंत पोचला होता. पळी जड चालली आहे एवढं मावशींच्या हाताला कळलं, पण का ते ध्यानात यायच्या आत सून बाहेरच्या दारातूनच ओरडली.

"आई, डाळ! डाळ करपली!"

तिने खांद्यावरची पिशवी भिंतीशी टाकली आणि धावत येऊन गॅस बंद केला. मावशींनी पळी सोडली नाही.

"ओरडायला काय झालं? मुद्दामच धरू दिली जरा. कँटीनात अशी धुरकट डाळ लोक मागून मागून खायचे."

"एवढी?"

"एवढीच."

सुनेने पातेल्यात डोकावून पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि वरची वरची डाळ दुसऱ्या भांड्यात काढून घेतली. मावशी दाराशी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसल्या. पदराने त्यांनी कपाळ पुसलं.

मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनात या बाईंनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला होता. रोज चारशे माणसांचं जेवण. कामगारांची मावशी होता होता त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही मावशी झाल्या. त्यांचं नाक म्हणजे त्या भटारखान्यातलं घड्याळ. पाच पातेली शिजत असली तरी कुठल्या पातेल्यातला भात खाली धरतोय, हे त्या लांब मोरीपाशी उभ्या राहून सांगत. निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. "पण खरं घड्याळ आईने तिथून उचलूनच आणलं," असं मुलगा म्हणायचा.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसू लागल्या. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला यायचे, म्हणून तिला साडेसहालाच घर सोडावं लागे. कणीक रात्रीच मळलेली, भाजी चिरून डब्यात, डाळ भिजलेली. पहाटे उठून चाळीस मिनिटांत तिघांचे डबे. संध्याकाळच्या डाळीपलीकडे मावशी हातात काही घेत नसत, पण तोंड चालू असे. "फोडणी झोपली गं." "कांद्याला घाई करू नको, तो काय पळून जातोय?" "हळद कच्ची राहिली, इथवर वास येतोय." संध्याकाळी सून परतली की दारातच, "आधी हात धू. दवाखाना घेऊन आलीस घरात." स्पिरिटचा वास मावशींना खपत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत सुनेच्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी छान म्हटलं नव्हतं. नवऱ्याकडे तिने एकदाच गाऱ्हाणं केलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या चौदाव्या मजल्यावर लटकलेला. तो म्हणाला, "मलाही कधी म्हणाली नाही. आपण काही भाजी नाही आहोत, सोडून दे."

त्या वर्षी थंडीत, डाळ करपायच्या बऱ्याच आधी, मावशींना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात गेले. उठल्या तेव्हा जिभेला खारट, गोड, आंबट एवढं उरलं होतं, बाकी सगळं गेलं होतं. उकळी दिसे, वाफ तोंडाला लागे, पण तिच्यातून काही येत नसे. पाकीट यावं आणि आत चिठ्ठीच नसावी, तसं. येईल आठवड्याने, म्हणून त्या थांबल्या. मग महिन्याने येईल म्हणून थांबल्या.

दुपारी घरात कुणी नसलं की त्या फडताळ उघडत. जिऱ्याचा डबा, वेलदोड्याची बाटली, सुंठ. एकेक नाकाशी धरून डोळे मिटून उभ्या राहत. कोथिंबीर तळहातावर चुरडत. एकदा त्यांनी मुलाचा कामावरचा, तेलाचे डाग पडलेला शर्ट धुवायच्या बादलीतून काढून तोंडावर धरला. नुसतं ओलं कापड. रात्री नात कुशीत झोपली की तिच्या केसांत नाक खुपसून पडत, आणि नात झोपेतच म्हणे, "आजी, गुदगुल्या."

सांगायचं कुणाला? डोळे गेले तर माणूस स्वतः सांगतो, कान गेले तर दुसरेच सांगतात. नाक गेलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितल्यावर त्या स्टुलावर बसायचं तरी कशासाठी?

डाळ करपल्यानंतर त्यांनी गुडघ्यांचं निमित्त काढून गॅसपाशी उभं राहणं सोडलं. दुसऱ्या दिवशी रात्री सुनेने ताट वाढलं आणि ती सवयीने थांबली. मावशींनी भाजीचा घास घेतला. काही बोलावं तर चुकायची भीती, न बोलावं तर संशय.

"छान झालीये," त्या म्हणाल्या.

सुनेच्या हातातली पळी अर्ध्यातच थांबली. रात्री तिचं कुजबुजणं मावशींना भिंतीआडून ऐकू आलं.

"अहो, आई आज छान म्हणाल्या."

"ताप बघ परत आलाय का."

सून हसली. पहाटे ती डबे भरताना गुणगुणत होती. पुढचे आठ दिवस मावशी छान म्हणत राहिल्या आणि सून रोज काहीतरी जास्तीचं करत राहिली. सकाळच्या त्या चाळीस मिनिटांत तिने कोशिंबीरही बसवली. ताटात तिचा हात आता सावकाश फिरे. मावशींना मात्र घास उतरत नसे. अकरा वर्षं पोरीने ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आपण खोट्या नाण्यासारखा तिच्या हातावर ठेवला, आणि ती तो मूठ वळून जपते आहे.

नवव्या दिवशी सून कामावरून आली ती हात न धुताच सरळ मावशींच्या शेजारी बसली आणि मटार सोलू लागली. मावशी नातीच्या पडलेल्या दातांची हकीकत सांगत होत्या; बाईंनी वर्गात कविता म्हणायला लावली तर पोरीच्या तोंडून नुसती शिट्टी आली. सून हसली नाही. ती सोलता सोलता थांबली. आपले दोन्ही हात तिने नाकाजवळ नेले, खाली घेतले, आणि मावशींकडे पाहिलं. मग उठून मोरीत गेली. पाणी बराच वेळ वाहत होतं.

थकली असेल, मावशींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताट वाढताना सून म्हणाली, "आई, आज जिरं करपलंय हं. ओरडू नका."

"ओरडू नको तर काय टाळ्या वाजवू?" मावशींच्या तोंडून निघूनच गेलं. "तेल तापायच्या आधी जिरं टाकायचं नाही, तापून धूर निघाला की तर मुळीच नाही. किती वेळा सांगितलं?"

"चुकलं."

मावशींना त्या रात्री कित्येक आठवड्यांनी भूक लागली. त्यांनी भात मागून घेतला.

मग रोजच काही ना काही होऊ लागलं. कधी हळद कच्ची, कधी कांदा घाईचा, कधी फोडणी झोपलेली. सून आपणच आधी कबूल करायची आणि मावशी तिला सोलून काढायच्या. स्टुलावर त्या पुन्हा ताठ बसू लागल्या. 'आठ दिवस छान म्हटलं तर पोरगी बिघडली,' असं त्यांनी शेजारणीलाही सांगितलं.

मुलगा रात्री उशिरा येऊन एकटाच जेवायचा. एका शनिवारी लिफ्टचं काम रद्द झालं आणि तो सगळ्यांबरोबर टेबलाशी बसला.

"मसूर आज जरा जास्तच लागलीये, आई," सून वाढताना म्हणाली.

"दिसतंच आहे. लक्ष कुठे असतं तुझं?"

मुलाने घास घेतला, मग दुसरा घेतला.

"कुठे लागलीये? अगं, झकास झालीये. मी रोज गार झाल्यावर खातो तरी कधी करपट..."

त्याच्या पुढ्यातल्या ग्लासातलं पाणी एकदम हललं. टेबलाखाली काहीतरी झालं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं आणि पुढचा घास तोंडात टाकला. सून पोळीवर तूप लावत होती. एकाच पोळीवर, पुन्हा पुन्हा.

मावशींनी ताटातल्या डाळीकडे पाहिलं. पिवळीधमक, कुठे काळा ठिपका नाही. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान वर केली नाही.

"तुला काय कळतंय रे?" मावशी मुलाला म्हणाल्या. "आठ वर्षांचा घोडा असताना खडीसाखर म्हणून साबण चाटला होतास. ती म्हणते करपलीये, म्हणजे करपलीये."

नात खिदळली. मावशींनी ती डाळ भातावर ओतून घेतली आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आठवड्याच्या डब्यांसाठी सून रविवारी केळ्याचा केक करायची; मावशींच्या तापानंतर तो पहिल्यांदाच होत होता. घरात ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, त्यात केकचं भांडं बसवून वर घट्ट झाकण. वेळ बघायची पद्धतच नव्हती. मावशी स्टुलावरून 'काढ' म्हणत आणि ती काढे. त्या दिवशी तिने झाकण ठेवलं आणि बाहेर न जाता तिथेच उभी राहिली. मावशी दारात होत्या. मुलगा आणि नात खाली गेले होते.

सुनेने गॅस जरा बारीक केला.

"काय येतंय?" मावशींनी विचारलं. आवाज अगदी खालचा होता.

सून झाकणाजवळ वाकली.

"अजून नुसतं केळं. पिकलेलं."

"हं."

रस्त्यावरून एक गाडी गेली.

"आता?"

"आता गूळ. पातळ आहे अजून, कच्चट."

"थांब मग. हात लावू नको."

"नाही लावत." तिने डोळे मिटले होते. "आता जरा वेलदोडा आलाय, आई. मागून. आणि कडेने खरपूस, तव्यावर पोळी फुगल्यावर येतो ना, तसा. पण मधे दुधाचा आहे अजून."

मावशीही डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर हात होते, मान किंचित पुढे.

"आता?"

"दुधाचा गेला."

"काढ," मावशी म्हणाल्या.

केक तांबूस, मधे फुगलेला निघाला. सुनेने निवायला न ठेवताच कडेचा तुकडा कापला आणि बशीतून स्टुलापाशी आणला. मावशींनी तो सावकाश खाल्ला. गोड आहे, मऊ आहे, गरम आहे, इतकं त्यांना कळलं.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

सून गोंधळली. मग तिने त्यांच्या बशीतलाच एक कण उचलून तोंडात टाकला.

"बरा झालाय."

"नुसता बरा?"

"चांगला झालाय, आई. फार चांगला झालाय."

"मग तसं सांगत जा," मावशी म्हणाल्या. "खोटं खोटं करपवत बसू नको. मला चवीने ओरडायचं असेल तेव्हा मी बघून घेईन."

सून त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि राहिलेला केक दोघींनी खाल्ला. मुलगा आणि नात वर आले तेव्हा पातेल्यात मीठच उरलं होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी, नात पाचवीत गेली त्या वर्षी, मावशी एका बुधवारी सकाळी साडेनऊला घरीच वारल्या. सून तेव्हा लॅबमध्ये होती.